मुलाच्या नावावरची मुक्ती

पॉम्पेईतलं इसिस देवीचं देऊळ भूकंपात कोसळलं होतं. ते पायापासून नव्यानं बांधल्याचं श्रेय दारावरचा शिलालेख न्युमेरियस पोपिडियस सेल्सिनस याला देतो. त्याबद्दल नगरसभेनं त्याला विनाशुल्क सदस्य करून घेतल्याचंही सांगतो. सेल्सिनस तेव्हा सहा वर्षांचा होता. पैसा वडिलांचा, अँप्लिएटसचा. पण अँप्लिएटस पूर्वीचा गुलाम, आणि गाठीला कितीही संपत्ती असली तरी मुक्त गुलामाला नगरसभेत बसता येत नसे. त्याच्या स्वतंत्र जन्मलेल्या मुलाला येत असे.

मुक्त गुलाम म्हटलं की आपल्याला सम्राट क्लॉडियसचा खजिना सांभाळणारा पॅलस आठवतो, नाहीतर पेट्रोनियसनं रंगवलेला उधळ्या ट्रिमाल्किओ. मला या दोघांपेक्षा अँप्लिएटस महत्त्वाचा वाटतो. रोमनं मुक्ती दिली एका पिढीला आणि तिचं पुरतं फळ राखून ठेवलं पुढच्या पिढीसाठी. कवी होरेस मुक्त गुलामाचा मुलगा. बापानं त्याला गावच्या शाळेत न घालता शिकायला थेट रोमला नेलं. इ.स. १९३ मध्ये सम्राट झालेला पर्टिनॅक्सही मुक्त गुलामाचाच मुलगा.

हे औदार्य खोटं नव्हतं. ग्रीक शहरांत मुक्त झालेला गुलाम सहसा परकाच राही. रोमन नागरिकानं रीतसर मुक्त केलेला गुलाम मात्र स्वतः नागरिक होई. मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप यानं लॅरिसा शहराला पत्र लिहून रोमचा हा दाखला दिला होता. पण जुना मालक आयुष्यातून जात नसे. त्याचं कुलनाव लावायचं, त्याचा मान राखायचा, कबूल केलेले दिवस त्याच्याकडे राबायचं. स्वतंत्र जन्मलेल्याच्या थडग्यावर ‘अमक्याचा मुलगा’ असं कोरलेलं असे, याच्या थडग्यावर ‘अमक्यानं मुक्त केलेला’. बापाच्या जागी मालक, कारण कायद्याच्या लेखी गुलामाला बापच नव्हता.

मालक तरी का सोडत? गुलाम वर्षानुवर्षं साठवलेली पुंजी देऊन स्वतःची सुटका विकत घेई आणि त्या पैशात मालकाला नवा गुलाम मिळे. सुटकेच्या आशेवर घरातले बाकीचे निमूट राबत. मुक्त झालेलेही हातात पैसा आला की गुलाम घेत. म्हणून रोमन मुक्तीला गुलामगिरीचा विरोध म्हणणं मला पटत नाही. गुलामगिरी इतकी शतकं टिकली त्यात या मुक्तीचाही हात आहे. खाणीत आणि मोठ्या शेतांवर खपणाऱ्यांपर्यंत तर ही आशा क्वचितच पोचत असे.

आईच्या मुक्तीच्या आधी जन्मलेलं मूल गुलाम, नंतर जन्मलेलं स्वतंत्र. याच एका तारखेवरून हर्क्युलेनियममध्ये इ.स. ७५ च्या सुमारास खटला उभा राहिला. त्याच्या लाकडी पाट्या उत्खननात सापडल्या आहेत. जुस्ता नावाची मुलगी म्हणत होती, माझा जन्म आई मुक्त झाल्यावरचा. आईच्या मालकाची विधवा थेमिस म्हणत होती, ही आधीची, मी मुक्त केलेली. तसं ठरलं असतं तर जुस्ताच्या मालमत्तेवर थेमिसचा हक्क लागला असता. दोघींकडून साक्षीदार शपथेवर बोलले, आणि तारीख सांगणारा कागद कुणाकडेच नव्हता. जुस्ताच्या बाजूनं उभा राहिला तेलेस्फोरस. तो त्याच घरातून मुक्त झालेला होता. ज्या घराचा मान राखणं त्याचं कर्तव्य, त्याच घराच्या मालकिणीविरुद्ध त्यानं साक्ष दिली.