खांब की माणूस?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी काढलेल्या ईसीजीवर यंत्रानेच छापलं होतं, एसटी-टीमध्ये अविशिष्ट बदल. डॉक्टर म्हणाले, "बाई, यावरून आजार आहे असं म्हणता येत नाही, आणि नाहीच असंही नाही." शेजारच्या काकूंनी धीर दिला: शंका काढू नका, श्रद्धा ठेवा, संशयी माणसाचा नाश होतो असं गीताच सांगते.

वाईत संस्कृत शिकवण्यात माझी नोकरी झाली. चौथ्या अध्यायातला तो श्लोक मी किती मुलांकडून पाठ करून घेतला असेल! पण तिथे संशयाआधी अज्ञान आणि अश्रद्धा आली आहेत, ती आपण गाळतो. सहाव्या अध्यायात अर्जुन 'माझा संशय तूच फेड' म्हणतो, तेव्हा श्रीकृष्ण रागावत नाहीत, उत्तर देतात.

गौतमाच्या न्यायसूत्रांत तर सोळा पदार्थांमध्ये प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगोलग संशय येतो. त्यांचा भाष्यकार वात्स्यायन याचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे: लांबवर काहीतरी उभं दिसतं, खांब की माणूस कळत नाही. डोळ्यांनी फसवलेलं नसतं. उंची दिसली, जाडी दिसली, पण ती दोघांचीही तशीच. वेगळेपणा दाखवणारे हातपाय तेवढे दिसले नाहीत. माझ्या ईसीजीच्या पट्टीचंही तसंच: काही ठिकाणी टी-लहर चपटी आहे. हृदयाला रक्त कमी पडलं तरी ती चपटी होते, पोटॅशियम घटलं तरी होते, काही औषधांनी होते, भरभर श्वास घेतला तरी होते. धडधाकट माणसातही सापडते. धूर तिथे विस्तव, असा नेम इथे नाही. नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात आणि त्यावरून अनुमान करू देत नाहीत. शिवाय ही पट्टी सगळी मिळून दहा सेकंदांची!

म्हणून 'काही नाही हो' म्हणणारी श्रद्धा मला श्रद्धा वाटत नाही. भीतीसारखीच तीही निकालाची घाई करते. महागणपतीसमोर मी हात जोडते ते रिपोर्ट चांगला यावा म्हणून नाही. जे असेल ते नीट दिसावं आणि ते सोसायचं बळ मिळावं, एवढंच मागते.

वात्स्यायनाच्या मते न्यायाचं काम पूर्ण अज्ञात गोष्टीत नसतं, निश्चित झालेल्या गोष्टीतही नसतं; संशय आला की ते सुरू होतं. डॉक्टरांनी पोटॅशियम तपासायला आणि इको करायला सांगितलं आहे. पूर्वीचा एक ईसीजी ट्रंकेत असावा. हा चपटेपणा त्यातही असेल, तर निदान तो नवा नाही एवढं तरी ठरेल.