कन्हारातली गाडी

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात महामार्ग ५३ सोडून गाडी पाटण किंवा धमधा तहसिलीच्या शेतांकडे वळवली की पाऊसकाळात पहिला प्रश्न मातीचा असतो. इथला शेतकरी माती चार नावांनी ओळखतो. भाठा म्हणजे उंचावरची तांबडी, मुरमाड जमीन. तिथे पाणी ठरत नाही आणि गाडीही अडत नाही. मटासी पिवळसर, रेताड. तिच्यात चाक घसरतं, पण निघतं. डोरसा मधली. आणि सखल भागात कन्हार: काळी, चिकण, पाणी धरून बसणारी. धानासाठी ती सोन्यासारखी, पण पांदणीत तीच कन्हार आली की मळलेल्या कणकेसारखी चाकाला लपेटते आणि टायरची नक्षी क्षणात बुजवून टाकते. वर टायर नवा असतो, पण जमिनीला टेकतो तो गोटाच.

माझं काम बोअरच्या मोटारी काढणं, वाइंडिंग करून परत बसवणं. वडील गोंदियाकडून चरोद्याच्या रेल्वे यार्डात नोकरीला आले आणि आम्ही इथलेच झालो. पावसाने ओढ दिली आणि नेमकी मोटर जळली, तर रोप पिवळं पडायला लागतं. शेतकरी बांधावर उभा राहून वाट पाहत असतो. अशा वेळी गाडी शेतापर्यंत पोचणं ही हौस नसते. म्हणून माझी जुनी बोलेरो कॅम्पर चिखलात फसू लागली, तेव्हा मोठ्या टायरचा विषय घरात निघाला. भाचा म्हणाला, “मामा, एकतिसाचे एमटी टाकून द्या नं. मग गाडी फसणारच नाही.”

एकतिसाचा म्हणजे ३१ इंच उंचीचा, साडेदहा इंच रुंदीचा, मोठमोठ्या गुटक्यांचा चिखलाचा टायर. डोंगरात फिरणाऱ्या हौशी लोकांच्या जीपला तो शोभतो. माझ्या गाडीच्या टायरवर छापलं होतं: २१५/७५ आर १५. टायर २१५ मिलिमीटर रुंद, त्याच्या ७५ टक्के बाजूची उंची, आणि १५ इंचांची रिम. हिशेब केला तर उंची भरते सुमारे ७०४ मिलिमीटर. एकतिसाचा टायर ७८७ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ १२ टक्के मोठा. गाडीचं पोट जमिनीपासून वर उचललं जातं ते मात्र यातल्या फरकाच्या निम्मं, चार सेंटिमीटर आणि वर थोडंसं.

त्या चार सेंटिमीटरसाठी बाकीच्या गाडीने काय काय सोसायचं, हा विचार मला महत्त्वाचा वाटतो. चाक मोठं झालं की इंजिनाची तीच ताकद जमिनीवर कमी पडते. गिअर एका अर्धवट पायरीने वर सरकल्यासारखा होतो. हौद्यात पाइप, चेन-पुली आणि मोटर भरून चढावर निघालं की पहिला गिअरसुद्धा जड वाटायला लागतो, मग माणूस अर्ध्या क्लचवर गाडी रेटतो आणि क्लचप्लेट जळते. ब्रेकचंही तसंच. चाकाचा घेर वाढला की ते थांबवायला ड्रम आणि डिस्कवर तेवढाच जास्त जोर लागतो, आणि जुन्या गाडीत ब्रेक आधीच थकलेले. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी खरी ६७ ने पळत असते. महामार्गावर स्लॅगच्या डंपरमागे हा सात किलोमीटरचा फरक मला लहान वाटत नाही. मीटरवर १०० किलोमीटर उमटतात, तेव्हा गाडी ११२ चाललेली असते, म्हणून ऑइल बदलायची वेळही कळत नकळत पुढे जाते.

नवीन गाडीत हे थोडंफार खपून जाईल. जुन्या गाडीची गोष्ट वेगळी आहे. तिचे बेअरिंग, बॉल जॉइंट, स्टिअरिंगच्या सांध्यांमधली ढील, मागचे पाटे हे सगळं वर्षानुवर्षं एकमेकांच्या ओझ्याला सरावलेलं असतं. त्यात एकच वस्तू एकदम वाढवली की ओझं त्या वस्तूवर राहत नाही. ते सरकत सरकत जो सांधा सर्वांत कमजोर असेल तिथे जाऊन बसतं, आणि तो कोणता हे मोडल्याशिवाय कळत नाही. मोठा टायर गाडीला जेवढं देतो त्याहून जास्त तिच्याकडे मागतो. हे मला कुणी शिकवलं नाही. रोज बोअरच्या मोटारी पाहून कळलं: पाइपलाइन जुनीच ठेवून वर मोठ्या अश्वशक्तीची मोटर बसवली की पाइपाचा सांधा उघडतो, आणि दोष मात्र मोटरीला लागतो.

आमचे मेकॅनिक उस्ताद बोलत कमी, करून जास्त दाखवतात. त्यांनी एका गिऱ्हाइकाकडून एकतिसाचं एक चाक मागून आणलं आणि पुढच्या डाव्या बाजूला बसवलं. टायरच्या दोन्ही खांद्यांना ओला खडू फासला. मग हौद्यात सिमेंटची पोती ठेवून गाडी दाबली आणि मला स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, नंतर पूर्ण उजवीकडे फिरवायला लावलं. खाली वाकून त्यांनी टॉर्च मारला. मडगार्डच्या आतल्या अस्तरावर पांढरा पट्टा, बंपरच्या मागच्या कोपऱ्यावर दुसरा, आणि आतल्या बाजूला चेसिसजवळ एक बारीक ओरखडा, जिथे ब्रेकचा रबरी पाइप जातो त्याच्या बोटभर अंतरावर. उस्तादांनी बोट त्या पाइपावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. सपाट जागेवर, गाडी उभी असताना हे घडलं होतं. खड्ड्यात चाक वर उचललं जातं आणि वळणही असतं, तेव्हाचा पट्टा कुठे उमटला असता?

यावर बाजारात उपाय आहेत. मडगार्ड कापायचं, स्पेसर टाकून चाक बाहेर काढायचं, पाट्यांखाली ठोकळे देऊन गाडी उंच करायची. स्पेसरने चाक बाहेर गेलं की हबच्या बेअरिंगवर तरफेसारखा ताण येतो. माझी मूळ रिम सहा इंचांची, आणि एकतिसाच्या टायरला किमान सात इंच रिम लागते. अरुंद रिमवर ताणून बसवलेला रुंद टायर पोटातून फुगतो आणि वळणावर डुलतो. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ बद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं की, कंपनीने ठरवलेल्या मूळ नमुन्यापासून वेगळी होईल अशी गाडी बदलता येणार नाही. मडगार्ड कापून उंच केलेली गाडी उद्या अपघातात सापडली, तर विमा कंपनी काय म्हणेल ते सांगायला नको. हा नियम मला जाचक वाटत नाही. महामार्गावर माझ्या गाडीसमोर सायकलवाला असतो, त्याने माझ्या ब्रेकवर का अवलंबून राहावं?

रुंदीचं प्रकरण तर लोक उलटंच समजतात. रुंद टायर म्हणजे चिखलात चांगला, असा सरसकट समज आहे. वाळूत तो खरा आहे, तिथे वर तरंगायचं असतं. पण आमच्या पांदणीत वरचा वीतभर चिखल सोडला की खाली जुना मुरूम दाबलेला असतो. तिथे अरुंद चाक चिखल कापून खाली टेकतं, रुंद चाक वरच घसरत राहतं. दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप ६.००-१६ च्या, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंदीच्या टायरवर जगभरच्या चिखलातून गेली. तीच जीप पुढे महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली, आणि माझी बोलेरो त्याच घराण्यातली. जिथे कन्हार खोल आहे आणि खाली मुरूम नाही, तिथे अरुंद, रुंद, एमटी, काहीच चालत नाही. तिथे ट्रॅक्टर.

आम्ही ठरवलं ते साधं होतं. २३५/७५ आर १५, ऑल-टेरेन नक्षीचे, पाचही टायर एकाच मापाचे, स्टेपनीसकट. उंची सुमारे ७३४ मिलिमीटर, जुन्यापेक्षा चार टक्क्यांच्या आसपास जास्त. मूळ रिमवर बसणारे. उस्तादांनी याही टायरला खडू फासून पाहिला, आणि पट्टा कुठेच उमटला नाही. विकत घेताना भारांक पाहिला, कारण मोठा टायर म्हणजे जास्त वजन पेलणारा असं मुळीच नाही. टायरवर १०० आकडा असेल तर एक टायर ८०० किलो घेतो, १०९ असेल तर १,०३० किलो. कारसाठीचा मोठा टायर मालवाहू गाडीच्या लहान टायरपेक्षा कमी ओझं घेऊ शकतो, आणि दुकानदार हे स्वतःहून सांगत नाही. बाजूवरच्या चार आकड्यांवरून कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी टायर बनला तेही वाचलं. दुकानात पडून वाळलेला नवा टायर मी घेत नाही.

एकतिसाच्या टायरपायी जे पैसे गेले असते, त्यातून मागच्या ड्रमचे नवे लायनर, पुढचे बेअरिंग आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आला. चिखलात फरक पाडला तो मुख्यतः या पंपाने. पांदणीच्या तोंडाशी हवा पस्तीसवरून विसावर आणली की टायर जमिनीवर लांबट पसरतो आणि पकड धरतो. परत डांबरी रस्त्यावर चढण्याआधी मात्र हवा भरायचीच, नाहीतर कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो. रिकामा हौदा असेल तर मागे वाळूची दोन-चार पोती टाकायची, कारण ओढ मागच्या चाकांना आणि मागे वजनच नसतं.

आणखी एक गोष्ट भाच्याला पटायला वेळ लागला. पांदण आमची एकट्याची नाही. खोल गुटक्यांचं चाक गरगर फिरवत चिखलातून गाडी काढली की गाडी निघते, पण मागे गुडघाभर चाकोरी राहते. दुसऱ्या दिवशी तिथूनच बैलगाडी जाते, शाळेतून मिळालेल्या सायकलवर मुली जातात. पाऊस थांबला की ती चाकोरी तशीच वाळते आणि दिवाळीपर्यंत सगळ्यांना त्रास देते. गाडी निघू शकते म्हणून काढावीच, असं मला वाटत नाही. म्हणून आता मोटर जळल्याचा फोन आला की मी आधी विचारतो, पांदण कन्हारातली आहे का, आणि जवळपास कुणाचा ट्रॅक्टर आहे का. असेल तर गाडी मुरमापाशी उभी करतो आणि मोटर ट्रॅक्टरवर पुढे जाते.