पोत्यामागे पावणेदोन रुपये

बिर्ला, अदानी आणि दालमिया ही देशातली तीन बडी उद्योगघराणी आज चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात एकमेकांचे शेजारी आहेत. कोरपना तालुक्यात कुणी बंगले बांधलेले नाहीत. शेजार आहे तो कारखान्यांचा. गडचांदूरला लागून माणिकगड, पलीकडे आवारपूर, उपरवाही, नारंडा. मालक बदलत गेले. आवारपूरचा कारखाना लार्सन अँड टुब्रोने उभारला, तो २००४ मध्ये अल्ट्राटेककडे गेला. माणिकगड सेंच्युरीचा होता, तोही २०१९ मध्ये अल्ट्राटेकचाच झाला. उपरवाहीच्या कारखान्याची अंबुजा २०२२ मध्ये अदानी समूहाने घेतली, आणि नारंड्याचा मुरली इंडस्ट्रीजचा कारखाना दालमियाकडे आला. बदलली नाही ती जमिनीखालची चुनखडी, आणि तिच्यावर कापूस पिकवणारी माणसं.

श्रीमंतांनी आपला पैसा दुसऱ्यांसाठी खर्च करावा का, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या व्याख्यानमालेत विचारला की उत्तर लगेच मिळतं: करावा, आणि सढळ हाताने करावा. गडचांदूरला तोच प्रश्न विचारला तर तो तिथेच संपत नाही. इथे पाण्याच्या टाकीवर, शाळेच्या खोलीवर, बसथांब्यावर कुठल्या ना कुठल्या कंपनीचं ‘सौजन्य’ रंगवलेलं दिसतं. दान तर होतंच आहे. मग त्याबद्दल बोलताना लोकांच्या आवाजात कृतज्ञता आणि चीड एकदमच का येते? माझ्या मते याचं कारण क्रमात आहे. आधी जे द्यायचं ते मागे राहतं, आणि सगळ्यांत शेवटी द्यायचं ते पुढे मिरवतं.

दानाच्या बाजूने आधुनिक काळातला सर्वांत धारदार युक्तिवाद पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने केला. पूर्व बंगालमधले लाखो निर्वासित उपाशी मरत होते, त्या वेळी लिहिलेला त्याचा निबंध १९७२ मध्ये छापून आला. उथळ तळ्यात एक मूल बुडतंय, तुम्ही शेजारून चालला आहात. कपडे चिखलाने खराब होतील म्हणून तुम्ही थांबणार का? नाही. मग दूरदेशीचं मूल थोड्या पैशात वाचत असताना तुम्ही नवे कपडे कसे घेता? उत्तर देणं अवघड आहे, आणि ते अवघड असणंच चांगलं. पण सिंगरच्या गोष्टीतला वाटसरू निष्पाप आहे. ते तळं त्याने खोदलेलं नाही. चुनखडीच्या खाणी संपतात तिथे खड्डे उरतात आणि पावसाळ्यात त्यांत पाणी साचतं. त्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला ‘तू दयाळू आहेस का’ हे नंतर विचारता येईल. खड्डा कुणी खोदला, कुंपण कुणी घालायचं, माती परत कधी टाकायची, हे त्याच्याआधी विचारावं लागतं.

हिशेबच मांडू. चुनखडीवरचं स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, २०१४ च्या दराने टनाला ८० रुपये. २०१५ मध्ये खाणकायद्यात दुरुस्ती झाली आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं, ज्याला इथे सगळे डीएमएफ म्हणतात. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांनी रॉयल्टीच्या आणखी ३० टक्के रक्कम या निधीत भरायची, म्हणजे टनाला २४ रुपये. साध्या सिमेंटच्या एका टनाला ढोबळमानाने १.४ टन चुनखडी लागते, आणि टनात ५० किलोची २० पोती होतात. म्हणजे तीन-साडेतीनशे रुपयांच्या एका पोत्यामागे ज्या गावांची जमीन उकरली गेली त्यांच्या नावाने जेमतेम पावणेदोन रुपये जमा होतात. राखमिश्रित सिमेंट असेल तर आणखी कमी. हे पावणेदोन रुपये दान नाहीत. ती नुकसानीची भरपाई आहे, आणि तिचा आकडा गावाने ठरवलेला नाही.

दुसरा पैसा सीएसआरचा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायला लावली. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झालं. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. पण कुठल्या गावाला, कशासाठी, किती, हे ठरवतं कंपनीचं संचालक मंडळ. जिवतीच्या डोंगरातल्या एखाद्या कोलाम आदिवासींच्या पोडाला, म्हणजे वस्तीला, शौचालय हवं की झऱ्यापासून पाइपलाइन, याचा निर्णय शेकडो कोस दूरच्या बैठकीत होतो.

या सगळ्याला नुसतं ढोंग म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. अंबुजाची सेवासंस्था १९९३ ची आहे, कायद्याच्या वीस वर्षं आधीची. पाणी आणि शेतीवरचं तिचं काम या जिल्ह्यातही आहे. चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयासाठी राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि डीएमएफ एकत्र आले. नागपूरला जाऊन धर्मशाळेत दिवस काढणाऱ्या कुटुंबाला ते रुग्णालय कुणाच्या पैशाने उभं राहिलं याची फिकीर नसते, आणि नसावीच. पण लिहिणाऱ्याला आणि मत देणाऱ्याला ती असायला हवी.

विदर्भात हा वाद नवा नाही. गांधीजी वर्ध्याला आले ते जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून, आणि १९३६ पासून सेवाग्रामला राहिले. श्रीमंताने स्वतःला संपत्तीचा मालक न मानता विश्वस्त मानावं, हा त्यांचा आग्रह. बजाजांनी तो बऱ्याच अंशी जगून दाखवला. १९२८ मध्ये वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं ते त्यांनीच. डॉ. आंबेडकरांना मात्र विश्वस्ताची ही कल्पना मुळातच पटत नव्हती. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या सदसद्विवेकावर दुबळ्याने का विसंबावं? विश्वस्त नेमला कुणी, आणि त्याला काढायचं कुणी? सीएसआरचा कायदा या दोघांच्या मधे कुठेतरी अडकला आहे. देणं सक्तीचं झालं, पण कुणाला आणि कसं, ही विश्वस्ताची मर्जी तशीच राहिली.

खाणीच्या पैशाचं एक निराळं उदाहरण आपल्याच विदर्भात आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण मँगनीजच्या खाणींचे मालक होते. १९३० मध्ये ते गेले तेव्हा मृत्युपत्रात त्यांनी सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाला ठेवले होते, विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या उद्योगोपयोगी शिक्षणासाठी. त्या पैशातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली, आणि ‘एलआयटी’ या नावाने तिने विदर्भातल्या मुलांच्या पिढ्या घडवल्या. लक्ष्मीनारायण यांनी पैसा दिला आणि हात काढून घेतला. विद्यापीठ त्यांच्या मुठीत नव्हतं. दान असावं तर असं. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. मँगनीज निघालं खेड्यांतून, खाणमजुरांच्या हातांनी, आणि संस्था उभी राहिली शहरात. उत्तमातल्या उत्तम दानाचंही असं होतं. दात्याला जे मोलाचं वाटतं तिथे ते जातं. पैसा जिथून आला तिथे जाईलच असं नाही.

याच्या उलट वाटेचं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला, धानाच्या पट्ट्यात सापडतं. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड भागातले जुने तलाव गोंड राजांच्या काळापासूनचे. जंगल तोडून जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखालची जमीन, असा व्यवहार होता. पुढे मालगुजार आले. ते काही संत नव्हते. खंड आणि बेगार यांच्या आठवणी अजून पुसलेल्या नाहीत. पण पाळ फुटली तर मालगुजाराचंही धान बुडत असे. म्हणून पाळीवर माती पडत राहिली. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, आणि ती जायलाच हवी होती. तलाव सरकारकडे आले, कागदावर ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले, आणि बरेचसे गाळाने भरत गेले. बघणाऱ्याचं स्वतःचं पीक त्या पाण्यावर राहिलं नाही, आणि ज्यांचं पीक होतं त्यांच्या हाती अधिकार आला नाही. यातून मला कळतं ते एवढंच: दयेपेक्षा गुंतलेलं हित जास्त टिकतं. ज्याने धूळ सोसली त्याचं हित कारखान्यात गुंतलेलं असेल, आणि कारखान्याचं त्याच्या शेतात, तर सौजन्याच्या पाट्यांची गरज कमी पडेल.

हे अशक्य नाही. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, आजची विप्रो. तिचे शेअर तेव्हा अमळनेरकरांनीही घेतले. शेतकरी, व्यापारी, नोकरदार. अनेकांनी ते विकले नाहीत आणि त्यांची घरं कोट्यधीश झाली. अझीम प्रेमजींनी पुढे आपल्या संपत्तीचा फार मोठा हिस्सा समाजकार्याला दिला, आणि जगाने त्याचं योग्य कौतुक केलं. अमळनेरला जे घडलं ते मात्र दान नव्हतं. तो वाटा होता. वाटा मिळालेल्या माणसाला कुणापुढे हात जोडून उभं राहावं लागत नाही. गडचांदूर परिसरात ज्यांनी जमिनी दिल्या त्यांना मोबदला मिळाला, काहींना नोकरी मिळाली. जमिनीच्या बदल्यात कारखान्याचा शेअर मिळाला असता तर आज इथल्या किती घरांची गोष्ट वेगळी असती? गडचिरोलीत सूरजागडच्या लोहखनिज कंपनीने २०२५ च्या सुरुवातीला कामगारांना शेअर दिले. तो उपक्रम नोकरीवर असलेल्यांपुरता आहे आणि त्या खाणीबद्दलचे बाकीचे प्रश्न त्याने सुटत नाहीत. पण वाटा देता येतो, हे त्यातून दिसलं.

आणि श्रीमंतीचा विषय निघालाच आहे तर गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाचं काय करायचं? वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आणि २०१३ मध्ये गावाने आपली खाजगी शेतजमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे केली. गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या या गावात कुणी अब्जाधीश नव्हता. इथे सर्वस्व दिलं ते ज्यांच्याकडे थोडं होतं त्यांनी, पण हक्क हाती आल्यावर. ज्याच्या हातात काही नाही त्याला औदार्याचा उपदेश करण्यात अर्थ नसतो. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी नेमकं हेच हेरलं होतं. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन करताना त्यांना कुष्ठरुग्णांना भीक द्यायची नव्हती. ज्यांना जगाने घेणारे ठरवलं होतं ते अन्न पिकवणारे, कापड विणणारे, देणारे झाले.

मग दान हवं कशाला? हवं. जिथे हक्काचा पैसा पोचायला कचरतो तिथे हवं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतल्या त्या प्रयोगात नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात ती पद्धत आली. हा प्रयोग फसलाही असता. सरकारी तिजोरी असा धोका सहसा पत्करत नाही. देणगीच्या पैशाला तो पत्करता येतो, आणि तेच त्याचं खरं काम आहे. शाळेची खोली, प्यायचं पाणी, रस्ता ही सरकारची आणि डीएमएफची कामं आहेत. ती सौजन्यातून झाली की दुहेरी नुकसान होतं: हक्काच्या पैशाचा हिशेब कुणी मागत नाही, आणि दानाचा पैसा नव्या वाटेला जात नाही.

हे नुसतं बड्या घराण्यांना सांगून आपल्याला सुटता येणार नाही. गडचांदुरातला ट्रान्सपोर्टवाला, जिनिंगवाला, कंत्राटदार, दोन पगारांचं शिक्षक जोडपं हे सगळे पोडावरच्या कोलामाच्या नजरेतून श्रीमंतच आहेत. त्यांनाही हाच क्रम लागू आहे. ट्रकच्या क्लीनरला वेळेवर आणि पुरती मजुरी न देता गणपतीला पाच हजारांची पावती फाडणं म्हणजे सीएसआरचीच छोटी आवृत्ती.

आता थोड्याच वर्षांत हा प्रश्न कागदावर येणार आहे. कारखान्यांच्या स्वतःच्या वापरासाठीचे जुने खाणपट्टे ३१ मार्च २०३० पर्यंत किंवा मंजुरीपासून ५० वर्षांपर्यंत, यांतलं जे नंतर येईल तोवर चालतात, त्यानंतर लिलाव. लिलावातल्या पट्ट्याला डीएमएफसाठी रॉयल्टीच्या ३० नव्हे, १० टक्केच भरावे लागतात. लिलावात चढलेली जादा रक्कम राज्याच्या तिजोरीत जाते. म्हणजे कुणी काही बोललं नाही तर आजचे पावणेदोन रुपये नव्या पट्ट्यात आजच्याच दराने साठ पैशांच्या आत येतील, आणि ते कुणाच्या कंजूषपणाने नव्हे, नियमानेच. लिलावाच्या अटींत ग्रामसभेचा वाटा, शेअरमधला हिस्सा आणि खड्डे बुजवण्याची तारीख लिहून घ्यायची असेल तर ती मागणी आत्ताच करायला हवी, ग्रामसभेच्या ठरावाने आणि आमदाराच्या दारात जाऊन. ज्या घराण्याला खरोखर मदत करायची आहे त्याने या मागणीच्या आड न येणं, हेच त्याचं इथलं पहिलं सत्कार्य ठरेल. पुढचं दान त्यानंतर आनंदाने स्वीकारू, आणि नको असेल तर नको म्हणू.