वाढीव भार आणि अपरिग्रह
जुन्या डेस्कटॉपमध्ये नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर काम वाढताच संगणक बंद पडू लागला, तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे घरच्या विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करणाऱ्या पेटीवर जातो. कार्ड काढताच दोष गेला, तरी दोषी कार्ड की पेटी हे ठरत नाही; अधिक क्षमतेची पेटी जोडून पाहिल्यावरच न्यायदर्शनातील अन्वय-व्यतिरेक, म्हणजे कारण असता कार्य दिसणे व नसता न दिसणे, ही कसोटी पुरी होते. पुढचा प्रश्न मात्र तंत्राचा नाही: पुरवठा वाढवावा की मागणी आवरावी? १९३४ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी अर्थशास्त्रालाच हा प्रश्न विचारला होता. मागणी आवरायला सांगणारा अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे न साठवणे, पुरेशा पेटीला विरोध करत नाही, कारण अपुऱ्या पेटीवर वाढीव भार टाकणे हा संयम नसून निष्काळजीपणा आहे; कार्ड कोणत्या कामासाठी आणले, एवढेच तो आधी विचारतो.