शहापूर-मुरबाडमधले पहिले घर

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागात सह्याद्रीच्या पायथ्याशी शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यांतले हे दोन अजूनही मुख्यतः शेतीचे, जंगलाचे आणि पाड्यांचे आहेत. मुंबई-ठाण्यात नोकरी करणारे आणि नुकता संसार मांडलेले जोडपे घर शोधायला लागले की आधी ठाणे, मग डोंबिवली, कल्याण आणि बदलापूर-टिटवाळा असे करत शेवटी वासिंद, आसनगाव किंवा मुरबाडच्या जाहिरातींपर्यंत येऊन थांबते. पगारात बसणारा फ्लॅट तिथे मिळतो. तो नेमका कशामुळे स्वस्त आहे, हे समजून घेतले तरच निवड नीट होते.

शहराच्या केंद्रापासून जसजसे दूर जावे तसतशी जमीन स्वस्त होते आणि प्रवास महागतो. माणूस या दोहोंत तडजोड करून राहण्याची जागा ठरवतो. विल्यम अलॉन्सो या अभ्यासकाने १९६४ मध्ये ही मांडणी केली आणि शहरांच्या अर्थशास्त्रात ती आजही शिकवली जाते. शिकागोच्या ‘सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी’ या संस्थेने पुढे तिला घरखर्चाच्या हिशोबाचे रूप दिले. निव्वळ घराचा खर्च पाहू नये. घर आणि प्रवास हे दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत बसले तरच ती जागा परवडणारी समजावी, असा तिचा निकष आहे. मुंबईत हा निकष जसाच्या तसा लावला तर फसगत होते. लोकलचा मासिक पास इतका स्वस्त आहे की कुटुंबाच्या खर्चाच्या वहीत प्रवास जवळजवळ दिसतच नाही. इथे प्रवासाची किंमत तासांत मोजली जाते, आणि ते तास कोणत्याही बँकेच्या कागदावर येत नाहीत.

हिशोब मांडून पाहता येतो. समजा, डोंबिवलीतल्या घरासाठी ४५ लाखांचे कर्ज लागते आणि आसनगावातल्या घरासाठी २५ लाखांचे. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी पहिल्याचा हप्ता महिना सुमारे ३९,००० रुपये येतो, दुसऱ्याचा सुमारे २१,७००. महिन्याला १७,३०० रुपयांहून अधिक वाचतात. डोंबिवलीच्या तुलनेत आसनगावहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जायला एका वेळी साधारण तासभर जास्त धरावा लागतो. जाऊन-येऊन दोन तास आणि कामाचे २५ दिवस धरले, तर महिन्याला ५० आणि वर्षाला ६०० तास होतात. म्हणजे ज्या घरात एकच जण अपडाऊन करतो, तिथे दर जादा तासामागे साधारण ३५० रुपये वाचतात. नवरा-बायको दोघेही गाडी पकडत असतील, तर तीच बचत तासाला १७५ रुपयांच्या खाली येते. घरात लहान मूल असेल तर ते संध्याकाळी कोणापाशी राहणार, हा खर्च वेगळाच. त्यामुळे घरातून रोज किती माणसे मुंबईच्या दिशेने निघणार, हा घर घेतानाचा पहिला प्रश्न हवा. पुष्कळदा तो अखेरीस विचारला जातो, आणि जादा तासांचा बोजा बहुधा बाईवर येतो, कारण घरी पोचल्यावर स्वयंपाक तिचीच वाट पाहत असतो.

शहापूर तालुक्याची मोठी जमेची बाजू म्हणजे रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला आणि १८५५ मध्ये वासिंदला पोचली. थळ घाटाखालच्या कसाऱ्यापर्यंत ती १८६१ मध्ये गेली. आज तालुक्यात वासिंद, आसनगाव, आटगाव, तानशेत, खर्डी, उंबरमाळी आणि कसारा ही स्थानके आहेत. मुंबईपासून वासिंद सुमारे ८०, आसनगाव ८६ आणि कसारा १२१ किलोमीटरवर आहे. खुद्द शहापूर गावात मात्र स्टेशन नाही. आसनगावला उतरून रिक्षा किंवा एसटी पकडावी लागते. रात्री उशिरा उतरणाऱ्याच्या दृष्टीने हा शेवटचा टप्पा फार महत्त्वाचा ठरतो. स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवरचे घर आणि महामार्गापलीकडचे ‘स्टेशनजवळ’ म्हणून विकले जाणारे घर यांच्या किमतीतला फरक वाजवीच असतो.

या मार्गावर अंतरापेक्षा दोन गाड्यांमधला वेळ जास्त महत्त्वाचा आहे. ठाणे ते कल्याण सहा मार्ग आहेत. कल्याणपुढे कसाऱ्याकडे जाणारी वाहतूक मात्र मुख्यतः दोनच मार्गांवर चालते, आणि नाशिक, भुसावळ आणि उत्तरेकडच्या मेल-एक्सप्रेस व मालगाड्यांना त्याच मार्गांवरून जावे लागते. लांब पल्ल्याची गाडी आली की लोकल थांबवली जाते. कल्याणहून निघालेल्या काही गाड्या टिटवाळ्याला संपतात, काही आसनगावला; कसाऱ्यापर्यंत त्याहूनही कमी जातात. परिणामी गर्दीची वेळ टळली की आसनगावसाठी अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त थांबावे लागते. एक गाडी चुकली की मुलाच्या जेवणाची वेळही चुकते. कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गाचे काम वर्षानुवर्षे चालू आहे. आसनगावपर्यंतचा चौथा मार्ग २०१९ मध्ये मंजूर झालेल्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या ३ए टप्प्यात (एमयूटीपी ३ए) आहे. ही कामे पुरी झाल्यावर आसनगाव-वासिंदचे गणित खरोखर बदलेल. पण आजचे घर आजच्या वेळापत्रकावर घ्यावे; बिल्डरच्या पत्रकातले ‘लवकरच’ हप्त्यात धरता येत नाही.

पावसाळा हा वेगळा मुद्दा आहे. ७ जुलै २०२४ रोजी शहापूर तालुक्यात मुसळधार पाऊस झाला. आटगाव-तानशेत दरम्यान रुळांवर माती आली, वासिंदजवळ झाड पडले आणि कल्याण-कसारा मार्गावरची वाहतूक बंद पडली. अशा दिवशी रेल्वेला पर्याय म्हणून मुंबई-नाशिक महामार्ग उरतो, आणि भिवंडी बायपासची कोंडी रोज गाडी चालवणाऱ्यांना पाठ आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि तो शहापूर तालुक्यातूनच जातो. नाशिककडे जाणाऱ्याची त्याने मोठी सोय झाली. पण ठाण्याच्या कचेरीत दहा वाजता पोचायचे असेल तर आमण्याच्या पुढचा रस्ता तोच जुना.

मुरबाडची गोष्ट निराळी आहे. तालुक्यात रेल्वेच नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी कित्येक पिढ्यांची आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने निम्मा खर्च उचलायचे मान्य केले, पण गाडी अजून धावत नाही. कल्याणपासून मुरबाड रस्त्याने तीसेक किलोमीटर आहे आणि पुढे हाच रस्ता माळशेज घाटातून अहिल्यानगरकडे जातो. कल्याण सोडताच शहाडच्या पुलावर कोंडी, मग म्हारळ, वरप, कांबा आणि उल्हास नदीवरचा रायता पूल. नदीला पूर आला की हा रस्ता बंद होतो. मुरबाडहून मुंबईला अपडाऊन करायचे म्हणजे आधी एसटी, नंतर लोकल, आणि दोन्हींच्या वेळा जुळण्याची रोजची धाकधूक. ज्यांची नोकरी कल्याणच्या पुढे दक्षिणेला आहे, त्यांनी मुरबाडमध्ये पहिले घर घेऊ नये, असे इथे स्पष्ट सांगणे भाग आहे. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, तालुक्यातल्या शाळांत, बँकांत किंवा फार तर कल्याण-उल्हासनगरमध्ये काम असेल, तर तेच गाव उत्तम. टोकावडे, धसई, सरळगावच्या बाजारांमुळे भाजी-धान्य ताजे मिळते, आणि पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेची मजा मुलांना दरवर्षी लुटता येते.

शहापूरलाही हेच लागू आहे. वासिंदचा पोलाद कारखाना, आसनगाव परिसरातले कारखाने, भिवंडी-पडघा पट्ट्यातली गोदामे यांत काम करणाऱ्याला वासिंद-आसनगाव जवळ पडते. तिथला फ्लॅट त्याच्या दृष्टीने मुंबईचे उपनगर नसून कामाच्या गावातले घर असते, आणि स्वस्ताईचा खरा लाभ त्यालाच होतो.

आता पाणी. या दोन तालुक्यांत घर घेताना याच्याइतकी दुसरी कशाची चौकशी महत्त्वाची नाही. मुंबईला पाणी पाजणारा तालुका म्हणजे शहापूर. १८९२ मध्ये बांधून झालेले तानसा धरण आणि भातसा धरण शहापुरात आहेत, आणि मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातशातून जाते. असे असून शहापूरच्या गावांत आणि पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. पाऊस भरपूर पडतो, पण काळ्या कातळावरून वाहून जातो. जमिनीत फार मुरत नाही. धरणातले पाणी तर आधीच महानगराच्या नावावर लिहिलेले असते. इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून उताराने पाणी आणण्याची योजना शहापूरसाठी हाती घ्यावी लागली, यावरूनच या अन्यायाची कल्पना येते. मुरबाड-अंबरनाथच्या हद्दीवरचे बारवी धरणही मुख्यतः खालच्या शहरांना आणि कारखान्यांना पाणी पुरवते.

म्हणून नव्या इमारतीत पाणी कोठून येते, हे नेमके विचारावे. ग्रामपंचायतीची नळयोजना की बोअरवेल? बोअर किती फूट खोल आहे, ती एप्रिलमध्ये किती वेळ चालते, आणि टँकर मागवला तर त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरले आहेत की वेगळे घेतात? ही उत्तरे विक्री कार्यालयात मिळत नाहीत. शेजारच्या तीन-चार वर्षे जुन्या सोसायटीच्या खजिनदाराकडे मिळतात, कारण टँकरची बिले त्याच्याच फाइलला लावलेली असतात. सुट्टीच्या दिवशी अर्धा तास त्याच्याशी बोलावे. दहा जाहिराती वाचून कळत नाही ते त्यात कळते.

यानंतर जमिनीचे कागद. शहापूर तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडची काही गावेही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे जायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार आधी परवानगी लागते. ती नसेल तर व्यवहार टिकत नाही. हा कायदा कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी कुटुंबांची जमीन वाचवण्यासाठी आहे, आणि त्याला बगल देऊन उभ्या राहिलेल्या इमारतीत पहिले घर घेणे धोक्याचेही आहे आणि गैरही. इमारतीखालच्या जमिनीचा सातबारा काढावा आणि ‘इतर अधिकार’ हा रकाना सावकाश वाचावा. ‘कुळकायदा कलम ४३ ला पात्र’ असा शेरा, ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद किंवा वनाचा उल्लेख दिसला की त्यापुढची परवानगी मागावी. जुने फेरफारही पाहावेत. या भागात वनजमीन मोठी आहे, तानसा अभयारण्यही आहे. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याखाली गेलेली जमीन कधीकधी विक्रीलाही निघते.

गावठाणाबाहेरच्या चार मजली इमारतीला ग्रामपंचायतीचा दाखला पुरत नाही. नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती म्हणजे मालकीहक्क नव्हे. बिनशेती आदेश, सक्षम अधिकाऱ्याने मंजूर केलेला नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला आणि अखेरीस भोगवटा दाखला, ही मालिका पुरी हवी. जमीन ५०० चौरस मीटरहून मोठी आणि घरे आठांहून जास्त असतील तर महारेराची नोंदणी सक्तीची आहे. पण तीही शेवटचा शब्द नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींना महापालिकेच्या बनावट परवानग्यांच्या आधारे रेरा क्रमांक मिळाले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, आणि हप्ते भरणाऱ्या हजारो माणसांवर उघड्यावर येण्याची वेळ आली. परवानगीचा क्रमांक घेऊन तो देणाऱ्या कार्यालयात स्वतः जाऊन पडताळणे हाच उपाय. राष्ट्रीयीकृत बँक त्या इमारतीला कर्ज देते का, हेही विचारावे. देत नसेल, तर कारण कळल्याशिवाय टोकन देऊ नये. नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्यास रेरा कायद्याने बंदी आहे.

पैशाच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी पुरेत. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च सहसा त्यात धरत नाहीत. तो हातात रोख असावा लागतो. घर एकट्या बायकोच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याजावर १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान आहे, पण योजना शहरी असल्याने निवडलेले गाव तिच्या हद्दीत बसते का, हे आधी बँकेत विचारावे. शहापूर आणि मुरबाड या नगरपंचायती आहेत. आसपासच्या ग्रामपंचायतींचे तसे नाही.

दवाखान्याचा विचार तान्ह्या मुलाच्या घराने टाळू नये. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे आणि मुरबाडला ग्रामीण रुग्णालय, पण अवघड बाळंतपण किंवा आजारी नवजात बाळ यांना अनेकदा उल्हासनगर, कल्याण किंवा ठाण्याला हलवावे लागते. मध्यरात्री त्या रस्त्याला किती वेळ लागतो, हे घर ठरवण्याआधी माहीत असावे. पाळणाघरे विरळ आहेत. आजी-आजोबा सोबत राहणार असतील तर आसनगावचे मोठे घर डोंबिवलीच्या लहान घरापेक्षा सगळ्यांनाच मानवते.

ज्यांची मुंबईतली नोकरी सुटणारी नाही, त्यांनी या पट्ट्यात आधी भाड्याने राहावे. भाडे कमी असते आणि करार अकरा महिन्यांचा असतो. जुलैत सुरू केला तर तो मेअखेरीस संपतो, आणि तेवढ्यात बंद पडलेली लोकलही अनुभवता येते आणि टँकरचा महिनाही.