घेतलेली मेमरी परत कोण करणार?

बस समोर. तुझा डिस्प्ले ड्रायव्हर मी काल शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. स्क्रीनवर पट्टे यायचे ते थांबले, म्हणून तू खूश आहेस. पण थांबले कशाने? तू 20 मिलिसेकंदांचा डिले टाकलास! सेकंदाला 60 फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम 16.7 मिलिसेकंद येतात. त्याहून जास्त वेळ तुझा ड्रायव्हर नुसता झोपतो.

रोग काय होता, हे शोधलंस का? वेगासाठी तू बफर कॅश्ड मॅप केलास. सीपीयूने लिहिलेले पिक्सेल कॅशमध्येच राहिले आणि डिस्प्लेने रॅममधले जुने उचलले. कॅशची एक ओळ 64 बाइटांची, म्हणजे 16 पिक्सेलची. पट्ट्यांचे तुकडे मोजले असतेस तरी दुखणं हाती लागलं असतं. बफर डिस्प्लेच्या हवाली करण्याआधी डीएमए सिंक करायचं असतं. डिलेने चूक सुटत नाही, लपते.

दुसरी चूक याहून वाईट. 1920 बाय 1080 चा, पिक्सेलला 4 बाइट धरून, एक बफर 82,94,400 बाइटांचा. या रास्पबेरी पाय 3 वर आपण सीएमएसाठी, म्हणजे सलग मेमरीसाठी, 64 एमबी राखून ठेवलेत. त्यात असे आठच बफर बसतात. आणि तुझा एरर पाथ काय करतो? बफर घेतला, मॅपिंग फसलं, की सरळ रिटर्न! रेफरन्स कोण सोडणार? पुढचं पाठ, मागचं सपाट! आठ वेळा असं झालं की नवव्या बफरला जागा नाही. असा बोर्ड उद्या दवाखान्यातल्या यंत्रात बसला, तर रात्री तीन वाजता तो रीबूट करायला तू जाणार आहेस?

तिसरी चूक मी खपवून घेणार नाही. कमांड तपासणारा कोड वेळ खातो म्हणून तू काढून टाकलास. अरे, या बोर्डावरच्या व्हिडिओकोअर 4 जीपीयूला एमएमयू नाही! त्याला दिलेला पत्ता थेट फिजिकल मेमरीत पोचतो. म्हणूनच एरिक अॅनहोल्टने लिहिलेला लिनक्सचा व्हीसी4 ड्रायव्हर प्रत्येक कमांड लिस्ट आणि शेडर तपासल्याशिवाय पुढे सोडत नाही. तुझ्या ड्रायव्हरमधून कुठलंही साधं ॲप कर्नलची मेमरी वाचेल, तिच्यावर लिहील. कुंपण तूच पाडलंस.

तुझा हात चांगला आहे. मॅपिंगचा कोड स्वच्छ लिहिला आहेस, म्हणून तर जास्त राग येतो. सोमवारपर्यंत डिले काढ, सिंक घाल, तपासणी परत आण. प्रत्येक अॅलोकेशनच्या पायरीवर मुद्दाम एरर पाडून बघ आणि घेतलेला प्रत्येक बाइट परत आल्याचा हिशेब वहीत मांडून आण. तोवर ‘सर, चालतंय’ हे शब्द माझ्या लॅबमध्ये उच्चारायचे नाहीत.