चौथा गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, दरवर्षी जयंतीच्या सप्ताहात आपण अवधूतांच्या चोवीस गुरूंची कथा ऐकतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला ती सांगतात. पृथ्वी, वायू, आकाश झाले की चौथं नाव येतं पाण्याचं. आपले कीर्तनकार तिथं फारसे थांबत नाहीत. अजगर, पिंगला, कपोत ह्यांच्या गोष्टी रंगतात. पाण्याची काय गोष्ट सांगायची? ते मुळात निर्मळ, गोड, आणि ज्याला शिवेल त्याला पवित्र करणारं. साधूनं तसं असावं, एवढं म्हणून पुढं जातात. मी कॉमर्सचा माणूस, बँकेत आकडेमोड करण्यात जन्म गेला. शास्त्र सांगण्याचा अधिकार मला नाही. पण ह्या चौथ्या गुरूशी माझा एक हिशेब राहून गेला आहे, तो ह्या अंकात मांडतो.

२०१२ च्या उन्हाळ्यात आपल्या इचलकरंजीत काविळीची साथ आली, ती तुम्हाला आठवत असेल. घरटी एखादा तरी आजारी. आमच्या शाखेत काउंटरवर माणूस बसवायची पंचाईत झाली होती. त्याच दिवसांत माझी आई अंथरुणाला खिळली होती. तिला कावीळ नव्हती, वयच झालं होतं. एक दिवस म्हणाली, "बाळ, मला वाडीचं तीर्थ आण. घाटावरचं, नदीचं." तिचा तांब्या घेऊन मी नृसिंहवाडीला गेलो. पादुकांचं दर्शन घेतलं आणि घाटाच्या पायऱ्या उतरलो. संगमाच्या बाजूनं पंचगंगेचं पाणी काळपट, फेसाळ येत होतं. काठाला केंदाळ अडकलं होतं. तांब्या भरला, घरी आणला आणि मग ते पाणी तिच्या ओठाला लावायची हिंमत झाली नाही. परड्यात शेवग्याच्या बुडाशी ओतून दिलं. घरातलं उकळून गार केलेलं पाणी त्याच तांब्यात भरून तिला दिलं आणि म्हणालो, "घे आई, वाडीचं तीर्थ." तिनं ते घेतलं, ओला हात डोळ्यांना लावला, डोक्यावरून फिरवला. पुढं आठच दिवसांत ती गेली.

भाव शुद्ध असला की झालं, असं मला अनेकांनी सांगितलं. तिचा भाव शुद्धच होता हो. खोटं मी बोललो होतो.

तेव्हापासून मी नदीकडं जरा निरखून बघायला लागलो. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात पंचगंगेच्या पाच नद्यांची नावं येतात: शिवा, भद्रा, भोगावती, कुंभी आणि सरस्वती. आज आपण कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती म्हणतो आणि सरस्वती गुप्त मानतो. प्रयाग चिखलीला संगम होतो आणि तिथून पंचगंगा. पुढं कोल्हापूर, मग आपलं गाव, मग शिरोळ तालुक्यातली गावं, आणि शेवटी वाडीला कृष्णा. वाटेत तिला काय काय मिळतं बघा. शहरांचं सांडपाणी, कारखान्यांचं मळीचं पाणी, प्रोसेसमधला रंग, उसाच्या रानातून निचरा होऊन येणारी खतं, आणि आपण श्रद्धेनं सोडलेलं निर्माल्य, तेही प्लास्टिकच्या पिशवीसकट. ह्यातली शेवटची पिशवी मीसुद्धा कित्येक वर्षं पुलावरून टाकलेली आहे. हात जोडून टाकलेली आहे.

पावसाळ्यात वाडीला दक्षिणद्वार होतं. पाणी उत्तरेच्या दारानं आत येऊन पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या पाण्यात स्नान करायला आपण रात्री-अपरात्री धावतो. कृष्णेबरोबर त्यात पंचगंगाही असते, आणि पंचगंगेत आपल्या गल्लीतलं गटारही असतं.

बँकेत संयुक्त खातं असतं. अशा खात्यात पैसे कुणीही भरले तरी चालतात, पण काढताना ठरल्याप्रमाणे सह्या लागतात. नदीच्या खात्यावर मात्र जो तो आपल्या एकट्याच्या सहीनं उचल करतोय, आणि भरणा करायची वेळ आली की दुसऱ्याकडं बोट. शिल्लक किती राहिली म्हणता? नदीच्या काठावर वसलेलं आपलं गाव कृष्णेचं पाणी मजरेवाडीहून आणतं. ते पुरेना म्हणून वारणेचं मागितलं, तिथल्या गावांनी विरोध केला. मग सुळकूडहून दूधगंगेचं मागितलं, तिथंही तेच. त्यांचा राग मला तेव्हा आला होता. आता वाटतं, ज्यानं आपलं खातं असं चालवलं त्याला कर्ज देताना मीही दहा वेळा विचार केला असता.

गेल्या वर्षी आपल्या मंदिराच्या सभागृहात आम्ही काही जण बसलो. तेरवाड बंधाऱ्याजवळचा एक शेतकरी होता, आपल्याच गावातला एक प्रोसेसवाला होता, वरच्या अंगाचे एक ऊस उत्पादक आले होते, आणि पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले एक अभियंते. सगळे दत्तभक्त, पौर्णिमा न चुकवणारे. म्हणून वाटलं, बैठक प्रेमानं होईल. कसलं काय! शेतकरी म्हणाला, बंधाऱ्यात मासे मरून तरंगतात, वास सहन होत नाही, जनावरं पाण्याला तोंड लावत नाहीत. प्रोसेसवाला म्हणाला, आमचं पाणी प्रक्रिया केंद्रात जातं, तुम्ही कोल्हापूरचं बघा. ऊसवाले म्हणाले, आम्ही काय विष टाकतो काय? तासभर नुसता खणखणाट. मला चोवीस गुरूंतली ती कुमारी आठवली. भात कांडताना हातातली कांकणं वाजायला लागली, म्हणून तिनं एकेक काढत शेवटी एकच ठेवलं. म्हटलं, एकट्यानंच काय ते करावं, समिती नको. पण रात्री पडल्या-पडल्या वाटलं, तिला फक्त भात कांडायचा होता. नदीला काठ दोन आणि गावं अनेक.

दुसऱ्या बैठकीत अभियंते बोलले आणि सूर बदलला. त्यांनी साधं करून सांगितलं. घाण पाण्यात कुजते तेव्हा पाण्यातला प्राणवायू खाते, आणि मासे गुदमरतात. आंघोळीच्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, आणि कुजणाऱ्या घाणीची प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमच्या वर जायला नको, असं मानक आहे. उन्हाळ्यात प्रवाह थांबतो, बंधाऱ्यात पाणी साचतं, म्हणून तेव्हाच मासे जास्त मरतात. प्रक्रिया केंद्र असून भागत नाही, ते चोवीस तास चालावं लागतं. वीज गेली, पंप थांबला, की नाला पुन्हा नदीतच. ह्यावर प्रोसेसवाला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "रोजच्या रोज नीट चालवायचं तर खर्च परवडत नाही, काका. शेजारचा करत नाही, मी केलं तर माझा कापडाचा दर वाढतो." मला त्याचं हे बोलणं सगळ्यांत खरं वाटलं.

अठराव्या अध्यायातच ती घेवड्याची कथा आहे, आणि ती ह्याच संगमाजवळच्या अमरापुरातली. दरिद्री ब्राह्मणाच्या दारात घेवड्याचा वेल, त्याच्या शेंगांवर घर चाललेलं. महाराजांनी भिक्षा घेतली आणि जाताना तो वेलच उपटून टाकला. बाई रडायला लागली. मग ब्राह्मण बुडखा काढायला गेला तेव्हा खाली द्रव्याचा हंडा लागला. आम्हा प्रत्येकाच्या दारात असा एकेक वेल आहे. प्रोसेसवाल्याचा दर, शेतकऱ्याच्या खताच्या गोणी, आणि माझी ती पुलावरची पिशवी. खाली हंडा असेलच अशी हमी मी देत नाही. बँकवाला हमी जपून देतो.

ठरलं ते छोटंच आहे. मंदिराच्या कार्यालयात एक नोंदवही ठेवली आहे, ती मी लिहितो. बंधाऱ्याजवळच्या गावांतून फोन आला की तारीख, वेळ, पाण्याचा रंग, वास, मासे मेले का, एवढं त्यात उतरवायचं. त्याच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायचं, आणि नमुना घ्यायला माणसं आली की दोन गावकऱ्यांनी पंचनाम्याला उभं राहायचं. प्रोसेसवाल्यानं आपल्या धंद्यातल्या आणखी चौघांना बैठकीला आणलं आहे. त्यातले दोघे भांडूनच गेले, पण पुढच्या खेपेला परत आले. ऊसवाल्यांनी एका एकराचं खत माती तपासून द्यायचं कबूल केलं आहे, पुढचं पुढं. वहीत माझीही एक नोंद आहे, पुलावरच्या पिशव्यांची. बाकीचे हसले, पण खोडली नाही.

जयंतीला वाडीला जाणाऱ्यांनी निर्माल्य कुंडातच टाकावं, आणि पिशवी घरी परत आणावी, एवढी विनंती.

आईचा तांब्या देवघरात आहे, चिंचेनं घासून लख्ख ठेवतो. ह्या जयंतीला तो बरोबर नेणार आहे. भरायचा की नाही, ते घाटावर उतरून पाणी बघितल्यावर ठरवीन.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥